हेडलाइट मिणमिणती आणि इंडिकेटरबरोबर टेल लाइट पण फडफडते, कसं सुटलं

बाईकची हेडलाइट पार मिणमिणती झाली होती, आणि इंडिकेटर लावला की मागची लाइट पण त्याच तालावर कमी-जास्त व्हायची. असं एका दिव्याचं दुसऱ्यात दिसायला लागलं ना, की बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थिंग (दिव्याकडून बॅटरीच्या मायनसला परत जाणारी जोडणी) बघा, कारण करंटला बॅटरीकडे परत जायला नीट वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी २० व्होल्टवर ठेवला. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६, रेस दिल्यावर १४ च्या आसपास, म्हणजे चार्जिंग ठणठणीत. मग हेडलाइट चालू ठेवूनच काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि लाल प्रोब हेडलाइटच्या अर्थ वायरला लावली, तिथे जेमतेम ०.१-०.२ यायला हवं, आले चक्क १.८! एवढे व्होल्ट वाटेतच गेले तर बल्बला मिळणार काय.

टाकी उतरवून वायर चाचपत गेलो तर हँडलच्या खाली, चेसीला अर्थचा बोल्ट येतो तिथे सापडलं. बोल्ट वरून घट्टच, पण खोलल्यावर थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट थर आणि खाली गंज. बॅटरीची मायनस वायर काढून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली. परत मोजलं तर ०.०८, आणि लाइट एकदम लख्ख!

फ्यूज सारखा उडत असेल तर मात्र ते बहुतेक शॉर्टिंग (वायर सोलून चेसीला टेकणं) असतं, तेव्हा हँडल दोन्हीकडे वळवून वायर कुठे घासतेय ते आधी बघा.