मळ्यातला ईस्टर: या चुका टाळा

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो, म्हणजे नाशिककडे नेमका द्राक्षबागांची खरड छाटणी (द्राक्षे काढून झाल्यावरची छाटणी) आणि उन्हाळी कांद्याची काढणी यांच्या ऐन धांदलीत. त्यातच नातवंडे मळ्यात उतरतात आणि दरवर्षी त्याच चुका नव्या उत्साहाने केल्या जातात.

त्यांतली माझ्या मते अक्षम्य चूक म्हणजे मुलांनी शोधावीत म्हणून रंगवलेली अंडी न मोजता लपवणे. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांनी, “पोरे शोधतीलच की,” असे म्हणत टोपलीभर उकडलेली अंडी अर्ध्या तासात मळाभर पेरली. मुलांना सापडली ती सापडली. किती राहिली, हे सांगायला कोणाकडेच आकडा नव्हता. आठवड्याभरात कांदाचाळीत साठवायच्या कांद्याच्या ढिगाला असा वास सुटला, की कांदा सडला असे समजून सासऱ्यांनी दोन मजूर लावून भर उन्हात अख्खा ढीग उपसला. तळाशी एकही सडका कांदा नव्हता. कोपऱ्यातल्या पातीखाली तीन जांभळी अंडी मात्र फुटून पडली होती. दोघांची मजुरी दिरांकडून वसूल करण्यात आली. तेव्हापासून दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी प्रत्येक अंड्याची जागा लिहिते, आणि शेवटच्या ओळीवर खूण होईपर्यंत कोणालाही जेवायला वाढत नाही.

दुसरी चूक वेळेची. पहाटेची उपासना, मग भेटीगाठी, मग जेवण, आणि शोधाशोध दुपारी दोनला! पारा ३२ अंशांच्या वर असताना उकडलेले अंडे तासाभराहून अधिक बाहेर राहिले, तर ते खाण्याच्या लायकीचे राहत नाही, आणि एप्रिलमधल्या नाशिकला ३२ अंश गाठायला दुपारही लागत नाही. आम्ही उपासनेहून परतताच, चहाच्या आधी, मुलांना सोडतो. उन्हात राहिलेली अंडी रश्श्यात घालून “वाया घालवू नये” म्हणणाऱ्यांची काटकसर मला समजत नाही. चॉकलेटच्या अंड्यांचा तर विषयच नको. ती ३४ अंशांच्या आसपास वितळतात, आणि मळ्यातल्या कुत्र्याने खाल्ली तर त्याला विषबाधा होते.

दगडी बांध, सरपणाचा ढीग आणि विटांची रास येथे अंडे लपवू नये, कारण तेथे विंचू असतो. नुकत्याच फवारलेल्या बागेतही मुलांना नेऊ नये. शेततळ्याच्या फाटकाला कुलूप लावून किल्ली मी स्वतःजवळ ठेवते. तेथे अंथरलेल्या निसरड्या प्लास्टिकच्या कागदावरून पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, मग मुलांचे काय?

शेवटी रंग. घाईचे लोक बाजारातली पुडी आणून गावरान अंड्यांवर ओततात आणि रंग चढत नाही म्हणून कुरकुरतात. तपकिरी कवचावर फिका रंग दिसतच नाही. त्यासाठी पांढरी अंडी घ्यावीत. मी मूठ-दोन मूठ कांद्याची टरफले अर्धा तास उकळते, पाणी गाळून त्यात चमचाभर व्हिनेगर घालते आणि उकडलेली अंडी रात्रभर फ्रीजमध्ये त्यात बुडवून ठेवते. सकाळी ती विटकरी लाल निघतात, आणि मळ्यात टरफलांना तोटा नसतो.