परदेशात किती दिवस राहायचं? पर्यटक व्हिसाच्या हिशेबात या चुका टाळा

माझं विमान ३ मार्चला रात्री साडेअकराला उतरलं. मी धावतपळत इमिग्रेशनच्या रांगेत लागलो आणि बाराला पाच कमी असताना पासपोर्टवर शिक्का बसला. हॉटेलात पोचेपर्यंत ४ तारीख लागली होती, म्हणून ३० दिवस मी ४ पासूनच मोजले आणि परतीचं तिकीट २ एप्रिलचं काढलं. निघताना काउंटरवरच्या माणसाने शिक्क्यावर बोट ठेवलं आणि मोजून दाखवलं: ३ मार्च धरला तर तिसावा दिवस १ एप्रिल. मी एक दिवस जास्त राहिलो होतो. दंड भरला आणि सुटलो. त्या रात्री रांगेत जरा रेंगाळलो असतो तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं.

हॉटेल रात्री मोजतं, व्हिसा दिवस मोजतो. शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) तर आल्याचा आणि गेल्याचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरतात, मग तुम्ही रात्री अकराला आलेले असा की पहाटे चारला निघालेले. १४ रात्रींचं पॅकेज म्हणजे व्हिसाच्या हिशेबात १५ दिवस. परतीचं विमान मध्यरात्रीनंतर सुटलं तर १६ सुद्धा.

‘व्हिसा २०३१ पर्यंत आहे, मग काळजी कसली?’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्हिसावरची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी एवढंच सांगते की त्या तारखेपर्यंत तुम्ही दारात येऊन उभे राहू शकता. आत किती दिवस राहायचं, ते वेगळं ठरतं.

अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे कामाच्या भेटीचा आणि पर्यटनाचा व्हिसा, दहा वर्षांचा मिळू शकतो, पण प्रत्येक खेपेला मुक्काम किती हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत जातं. साधारणपणे सहा महिने देतात, पण ते गृहीत धरायचे नाहीत. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून ही नोंद ऑनलाइन झाली आहे. म्हणून उतरल्यावर पहिल्या एकदोन दिवसांतच आय-९४ ची साइट उघडून तारीख पाहा, स्क्रीनशॉट काढा आणि मग परतीचं तिकीट तपासा. मुलाकडे गेलेले आई-बाबा पाच-पाच महिने राहतात आणि ती तारीख कोणी बघितलेलीच नसते, असं मी आसपास बरेचदा पाहिलंय.

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा घेता येतो, तरी एका खेपेला राहायचं सहाच महिने. कॅनडात अधिकाऱ्याने वेगळी तारीख दिली नसेल तर आल्यापासून सहा महिने. पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर मुक्कामही तिथेच संपतो. म्हणून लांबच्या मुक्कामाला निघताना पासपोर्टची मुदत आधी पाहावी.

शेंगेनच्या स्टिकरवर हा घोळ तीन रकान्यांत शेजारी शेजारी छापलेला असतो. समजा ‘पासून’ ५ मे, ‘पर्यंत’ ३ जून आणि दिवसांच्या रकान्यात १५. तारखांमधलं अंतर ३० दिवसांचं आहे, पण राहायला मिळालेत १५च. वरचे पंधरा दिवस सवलतीचे असतात, म्हणजे सहल थोडी पुढे-मागे झाली तर अडू नये म्हणून. ‘३ जूनपर्यंत आहे ना’ म्हणून कोणी तोवर राहिलं, तर पंधरा दिवस जादा राहिल्याची नोंद होते.

९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हे

१ जुलैला पोचलात तर नव्वदावा दिवस २८ सप्टेंबर. ३० सप्टेंबरचं तिकीट काढलंत की दोन दिवस वर गेले. याउलट नियमात ‘सहा महिने’ लिहिलं असेल तर उगाच १८० मोजत बसू नका. दिवस लिहिलेत की महिने, हे शब्दशः वाचायचं.

व्हिएतनामच्या ई-व्हिसासारख्या व्हिसांवर पासून-पर्यंतच्या तारखाच पक्क्या असतात. तुम्ही दहा दिवस उशिरा गेलात तर ते दहा दिवस बुडाले, शेवटी जोडून मिळत नाहीत.

१८० दिवसांची सरकती खिडकी

शेंगेनचा नियम तोंडपाठ सगळ्यांना असतो: १८० दिवसांत ९० दिवस. चुकतं ते पुढे. लोकांना वाटतं की पहिल्या प्रवेशापासून १८० दिवसांचं पान सुरू होतं आणि ते संपलं की कोरं पान मिळतं. काही जण तर एकदा घरी जाऊन आलं की हिशेब शून्यावर येतो असंच धरून चालतात. प्रत्यक्षात तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस, तो दिवस धरून, नव्याने तपासायचे असतात.

हातात कॅलेंडर घ्या. समजा ९० दिवसांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा आत येता येणारा व्हिसा आहे आणि पहिली खेप १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२६. जानेवारीचे २२ आणि फेब्रुवारीचे २८, म्हणजे ५० दिवस गेले. आता १ मेपासून २० जूनपर्यंत पुन्हा जायचंय, ५१ दिवस. १० जानेवारीचा दिवस खिडकीतून बाहेर पडतो ९ जुलैला, तोवर आधीचे पन्नासच्या पन्नास मोजले जाणार. उरले ४०, आणि ते ९ जूनला संपतात. २० जूनपर्यंत राहिलात तर ११ दिवस जादा.

गंमत पुढे आहे. तीच ५१ दिवसांची सहल १ जूनला सुरू केली तर आरामात बसते. ९ जुलैपासून रोज एक नवा दिवस आत येतो तसा जानेवारीतला एक जुना बाहेर पडतो, आणि बेरीज ८८ च्या वर जातच नाही. महिनाभर थांबायची तयारी असेल तर एकही दिवस कापावा लागत नाही. युरोपीय आयोगाच्या साइटवर यासाठी कॅल्क्युलेटर आहे, तारखा टाकून तिकिटाआधी पाहून घ्या.

पूर्वी अधिकारी पुसट शिक्के चाळत बेरीज करायचे, त्यात एखादा दिवस खपूनही जायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ईईएस ही आल्या-गेल्याची संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. संगणक बेरजेत चुकत नाही.

शेजारच्या देशात जाऊन आलो की नवे दिवस?

‘क्रोएशियात महिनाभर थांबू, तेवढे दिवस वाचतील’ हा सल्ला अजून फिरत असतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंडचं बरोबर उलटं. तेव्हा नकाशा जुना आहे की नवा, ते आधी बघा. आणि सिंगल एंट्री व्हिसावर मधेच लंडनला चक्कर मारलीत तर परत आत येता येणार नाही.

अमेरिकेतून कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलात तर सहसा जुनीच आय-९४ पुढे चालू राहते. नवे सहा महिने मिळतील या भरवशावर तिकीट काढू नका.

मिळतात म्हणून सगळे दिवस मागणं

अर्जात ४५ दिवस आणि ऑफिसच्या पत्रात १२ दिवसांची रजा. अर्ज फेटाळला जायला एवढी विसंगती पुरते. जेवढ्या दिवसांचं कारण सांगता येतं आणि खर्च दाखवता येतो, तेवढेच मागावेत, त्यावर प्रवासासाठी दोन-तीन दिवस. विमानतळावर किती दिवस राहणार असं विचारलं की हातातल्या तिकिटाशी जुळेल तेच सांगायचं. ब्रिटनच्या नियमात वर्षाला अमुक दिवस असा आकडा नाही, पण वारंवार येऊन तिथेच राहिल्यासारखं करू नका असं स्पष्ट म्हटलेलं आहे. सहा महिने राहून, घरी पंधरा दिवस काढून पुन्हा दारात उभं राहिलं तर प्रश्न विचारले जाणारच.

विमा तिकिटाच्या नव्हे, मुक्कामाच्या तारखांवर बेतायचा. शेंगेनला किमान ३०,००० युरोचा लागतो आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत चालू हवा. रोजच्या गोळ्या त्याहून आठवडाभर जास्त घ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

आता मुक्काम लांबतोय, तर?

आजारपण आलं, विमान रद्द झालं, तरी पहिलं काम एकच: मुदत संपायच्या आत अर्ज. अमेरिकेत त्यासाठी आय-५३९ हा फॉर्म आहे आणि तो निदान ४५ दिवस आधी भरावा असं सांगतात. कॅनडात ३० दिवस आधी. शेंगेनमध्ये आपल्या हाताबाहेरचं किंवा गंभीर कारण लागतं, ‘अजून थोडं फिरायचं होतं’ चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर ८५०३ ही अट असेल तर तिथे राहून नवा व्हिसा मागायची वाट जवळपास बंदच. ती अट आहे का, हे निघण्याआधीच पाहायचं.

अमेरिकेत आय-९४ ची तारीख एक दिवस जरी उलटली, तरी ज्या व्हिसावर आलात तो बाद होतो. १८० दिवसांहून जास्त राहून निघालात तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं प्रवेशबंदी.

विमान रद्द झालं असेल तर कंपनीकडून तसं लेखी घ्या. परतल्यावर बोर्डिंग पास फेकू नका. रस्त्याने अमेरिकेतून कॅनडात किंवा मेक्सिकोत बाहेर पडलेल्यांची नोंद कधी कधी राहून जाते. मग वेळेत निघाल्याचा पुरावा म्हणून पलीकडच्या देशाचा शिक्का किंवा त्या तारखेची हॉटेलची पावतीच कामाला येते.