बोरूने मोडी लिहिताना या चुका टाळा

मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकू लागलेल्यांच्या वहीत सुटी अक्षरे बहुधा तक्त्याबरहुकूम उतरलेली असतात, पण ओळ मात्र मोडीची वाटत नाही. याचे मुख्य कारण देवनागरीची सवय. देवनागरीत शब्द लिहून झाल्यावर वर रेघ ओढली जाते. मोडीत कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आधी आखून घ्यावी लागते. बहुतेक अक्षरे त्या रेघेवरून निघतात, खाली उतरतात आणि वळण घेऊन पुन्हा रेघेला येऊन मिळतात, आणि तिथूनच हात पुढच्या अक्षरावर जातो. विशेषतः काना पाहावा. देवनागरीत तो वरून खाली ओढतात, तर मोडीत मागच्या अक्षराच्या पायथ्यापासून वर चढतो. तो वरून वेगळा ओढला, की हात थांबलाच. म्हणून बाराखडी लवकर उरकावी आणि एखाद्या जुन्या पत्राच्या सबंध ओळी घोटवाव्यात. त्यात शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात. ती आपल्या पदरची घालू नयेत. शुद्धलेखनाचा आग्रहही इथे गैरलागू आहे, कारण मोडीत सामान्यतः इकार दीर्घ आणि उकार ऱ्हस्वच लिहितात.

कित्ता निवडतानाही गफलत होते. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणांची सरमिसळ केलेले पान धड कुठल्याच काळाचे राहत नाही. माझ्या मते आरंभ पेशवेकालीन वळणानेच करावा, कारण ते गोलाईदार, प्रमाणबद्ध आणि बोरूला, म्हणजे टोक कापलेल्या काडीच्या लेखणीला, सोयीचे आहे. आंग्लकाळात टाक, म्हणजे धातूच्या निबाची लेखणी, रूढ झाला. त्या बारीक, घाईच्या अक्षराची बोरूने नक्कल केली, तर गाठी शाईने बुजतात. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले हे चांगलेच झाले, परंतु फाँटवरून वळण गिरवू नये. छापील अक्षरात हाताची गती दिसत नाही.

जाड-बारीकपणा मध्येच बिघडत असेल, तर गोलाईवर बोरू बोटांत फिरतो आहे असे समजावे. टोकाचा कोन ओळभर एकच ठेवावा आणि वळण मनगटाने नव्हे, तर हात सरकवून घ्यावे. शाई पसरत असेल, तर दोष बहुधा झेरॉक्सच्या कागदाचा असतो. गुळगुळीत बाँड किंवा खातेवहीचा (लेजर) कागद वापरावा. शाई उतरतच नसेल, तर टोकाची चीर वाळलेल्या शाईने भरली आहे का ते पाहावे. जलरोधक शाईने हे हमखास होते, त्यामुळे लिहिणे संपताच बोरू धुऊन पुसावा. बोरू बुडवल्यावर दौतीच्या काठाला टोक टेकवून जादा शाई निथळू द्यावी. कडा फुगून रेषा मळकट येऊ लागली, की जोर देऊन लिहीत राहू नये. धारदार चाकूने, कठीण पृष्ठभागावर टोक ठेवून, एकाच दाबात नवा काप घ्यावा.