झेंडा परत आणायचा आहे: पेंटबॉलच्या डावाआधीची तयारी

पेंटबॉलमध्ये, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या गनने एकमेकांवर झाडायच्या खेळात, झेंड्याचा डाव लावायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, माणशी गोळ्या किती? तो विचाराच, पण चर्चा तिथेच संपवू नका. समोरच्या टीमच्या तळावरचा झेंडा उचलणं तसं सोपं असतं. अर्धी टीम बाद झालेली असताना तो आपल्या तळापर्यंत आणणं अवघड. रुमालपाणी खेळलेल्या कुणालाही हे माहीत आहे: रुमाल उचलला म्हणून गुण मिळत नाही, रेघ ओलांडावी लागते. म्हणून तयारीतल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावा, परतीच्या वाटेवर याचा उपयोग काय?

मैदानवाल्यांना फोन करून नियम आधीच विचारून घ्या, कारण झेंड्याचे नियम जागेगणिक बदलतात. दोन तळांवर दोन झेंडे आहेत की मधोमध एकच? झेंडा नेणाऱ्याला गोळी लागली तर तो झेंडा जागीच टाकायचा, की मूळ ठिकाणी परत जातो? बाद झालेला खेळाडू तळाला हात लावून पुन्हा खेळात येऊ शकतो का? गोळी गनवर फुटली तरी बाद धरतात का? डाव किती मिनिटांचा? ही उत्तरं हातात असली की निम्मी आखणी घरबसल्या होते. झेंडा जागीच पडणार असेल, तर तो नेणाऱ्याच्या मागोमाग दुसरा माणूस हवाच, म्हणजे पडलेला झेंडा तो लगेच उचलेल. मूळ ठिकाणी परत जाणार असेल, तर झेंडेवाल्याला वाचवताना दोघे बाद झाले तरी चालेल. वयाची अट याच फोनवर विचारा. लहान मुलं येणार असतील तर कमी मार लागणाऱ्या छोट्या गोळ्यांच्या गन आहेत का, तेही.

लोणावळा, कर्जत, मुळशी या बाजूला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यांत चांगले. पावसाळ्यात चिखलात पळता येत नाही, शिवाय गोळीचं कवच जिलेटिनचं असल्यामुळे दमट हवेत ते मऊ पडतं, गोळी फुगते आणि नळीतच फुटते. पावसाळा संपल्यावर गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोज्यांत अशी घुसतात की बंकरमागे, म्हणजे मैदानातल्या आडोशामागे, बसलेला माणूस झेंडा विसरून पाय खाजवत राहतो. पातळ मोजे आणि थ्री-फोर्थ घरी ठेवा. पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट, सैल ट्रॅकपँट, पकड असलेले बूट आणि गळ्याभोवती पंचा किंवा ओढणी एवढं पुरतं. गळ्याची त्वचा नाजूक असते आणि तिथे लागलेली गोळी फार चुरचुरते. रंग मळकट निवडा. आतल्या रंगाची काळजी नको, तो पाण्यात विरघळणारा असतो आणि साध्या धुण्यात बहुधा निघतो.

आता मास्क, आणि इथे घाई करू नका. गोळी साधारण १७ मिलिमीटर व्यासाची असते आणि सेकंदाला २८० फुटांच्या आसपास वेगाने सुटते, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या घरात. अंगावर वळ उठतो आणि काही दिवसांत जातो. डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते. काउंटरवरून हाताला येईल तो मास्क घेऊ नका. काच उजेडासमोर धरून ओरखडे पाहा आणि तडा दिसला तर लगेच बदलून मागा. कडेचा स्पंज सगळीकडे चिकटलेला आहे ना, हे बोट फिरवून तपासा. आधी हनुवटी आत बसवा, मग पट्टा डोक्यामागे ओढा, आणि मान जोरात डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. मास्क सरकला तर पट्टा घट्ट करा. चष्मा असेल तर लहान फ्रेमचा आणा आणि तो आत बसतो का ते मैदानाबाहेरच बघा. काचेवर वाफ धरणं हा नवख्यांचा सगळ्यांत मोठा वैताग. दुपदरी काचेचा मास्क मिळाला तर तोच घ्या, त्यावर वाफ कमी धरते. काहीच दिसेनासं झालं तर हात वर करून मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, हाक मारा, तो मैदानाबाहेर नेईल. मैदानाच्या आत मास्क वर करायचा नाही, पुसायलाही नाही, फोटोसाठीही नाही. टीममधल्या प्रत्येकाला हे आदल्या दिवशी एकदा आणि आत शिरताना एकदा सांगा.

गन हातात आली की दोन गोष्टी मागा. एक, तुमच्यासमोर तिचा वेग यंत्रावर मोजून दाखवायला सांगा. चांगली मैदानं हे न मागताच करतात. दुसरी, नळीच्या तोंडावर चढवायची कापडी टोपी. मैदानाबाहेर पाऊल टाकताच ती चढली पाहिजे. खाली सांडलेल्या गोळ्या उचलून हॉपरमध्ये, म्हणजे गनवरच्या गोळ्यांच्या डब्यात, टाकू नका. मातीचा कण लागलेली एक गोळी आत फुटली की पुढची प्रत्येक गोळी तिरकी जाते, आणि नळी पुसून काढेपर्यंत तुमचा डाव गेलेला असतो.

गोळ्यांचा हिशोब असा ठेवा. नवी टीम पहिल्या तीन मिनिटांत अर्धा हॉपर रिकामा करते, तेही लांबच्या ड्रमांवर. प्रत्येकाने शेवटच्या वीस-पंचवीस गोळ्या झेंडा उचलला जाईपर्यंत राखून ठेवायच्या, असं ठरवून टाका. या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या जंगलात झाला. बारा जण, प्रत्येक जण स्वतंत्र, आणि हातात झाडांवर नि गुरांवर खुणा करायची नेलस्पॉट ००७ ही रंगगन. जंगलातले झेंडे गोळा करून बाहेर पडायचं होतं. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने संपूर्ण डावात एकही गोळी झाडली नाही. लपत, ऐकत, वाट निवडत तो झेंडे घेऊन निघून गेला. टीमच्या डावात तुम्हाला गोळ्या झाडाव्या लागतीलच, पण झेंडा आणायला कुणाला पाठवायचं हे ठरवताना नेमबाजापेक्षा असा माणूस शोधा.

सात जणांची टीम असेल तर मी दोघे तळावर, तिघे मधल्या पट्ट्यात आणि दोघे झेंड्यासाठी ठेवीन. तळावर हावरट माणूस नको. समोर मोकळं दिसलं की तो पुढे धावतो आणि तळ उघडा पडतो. सगळ्यांत शांत डोक्याचे तिघे मधे ठेवा, कारण परतीची वाट त्यांनीच धरून ठेवायची आहे. झेंडा उचलला गेला की नवख्या टीममधले सगळे आनंदाने मागे पळतात, आणि झेंडेवाला मोकळ्यावर एकटा सापडतो. मधल्या तिघांनी त्या क्षणी उलट एकेक बंकर पुढे सरकायचं आणि समोरच्यांना डोकं वर काढू द्यायचं नाही. झेंडेवाल्याने बंदूक चालवायच्या भानगडीत न पडता, आधी पाहून ठेवलेल्या आडोशांवरून निघायचं. त्याचा जोडीदार दहा पावलं मागे, पाठीकडे लक्ष ठेवून.

यासाठी डावाआधी मैदानातून एकदा चालत फिरून येऊ द्या, अशी विनंती करा. फिरताना आडोशांना नावं द्या. छोटी, ओरडता येतील अशी: टाकी, टायर, आंबा, भिंत. ‘तिकडे एक जण आहे’ याला मैदानात काही अर्थ नाही, ‘टायरमागे एक!’ याला आहे. मास्कमधून आवाज दबका येतो, म्हणून ऐकणाऱ्याने तेच शब्द परत ओरडायचे. गोळी लागली की हात वर, ‘आउट’ म्हणायचं आणि गप्प बाहेर. बाद झाल्यावर शत्रू कुठे आहे ते सांगणं ही लबाडी आहे, आणि रंग हळूच पुसून खेळत राहणं त्याहून वाईट.

घरातले आजी-आजोबा आणि पाचवी-सहावीतली पोरंही खेळणार असतील तर लेझर टॅग घ्या. त्यात गोळी नसते, गन अवरक्त किरण सोडते आणि जॅकेटवरचे सेन्सर ते टिपतात. कडक उन्हात सेन्सर नीट टिपत नाहीत, म्हणून बाहेरचा डाव संध्याकाळचा ठेवा. आत अतिनील दिव्यांच्या हॉलमध्ये असेल तर पांढरा शर्ट लांबून चमकतो, गडद कपडे घाला. बाद झाल्यावर जॅकेट किती सेकंद बंद राहतं ते विचारा, कारण झेंडेवाल्याला निसटायला तेवढाच वेळ मिळतो.

पिशवीत पाणी भरपूर, ओआरएसची पाकिटं, नॅपकिन, बदलायचे कपडे, बर्फाची पिशवी आणि गाडीच्या सीटवर टाकायला जुनी चादर. सकाळी पोहे किंवा उपमा खा, मिसळ परतताना.

दुसऱ्या डावात बहुतेक ठिकाणी तळ बदलतात. मधल्या विश्रांतीत सेल्फी काढण्याआधी तुमच्या झेंडेवाल्याला विचारा की त्याला गोळी नेमकी कुठून लागली. ती जागा आता तुमच्या बाजूला आहे, तळावरच्या दोघांपैकी एकाला तिथे बसवा.