जुन्या संगणकातील जोड-कंट्रोलर कार्डावरून बूट करताना

नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर धूळ खात पडलेल्या संगणकात डिस्क कंट्रोलर कार्ड (डिस्क जोडून ती चालवणारे कार्ड) बसवण्यापूर्वी त्याच्या कडेचे संपर्क पुसून घ्यावेत. संगणक सुरू होताच चालणारा चिपमधील प्रोग्राम म्हणजे बायोस. कार्डावरील रॉम, म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम साठवलेली चिप, शोधण्यासाठी बायोस मेमरीतील सी८०० सेगमेंट या पत्त्यापासून पुढे दर २ किलोबाइटला ५५ एए (सोळा-आधारी अंकांतील दोन बाइट) ही खूण पाहते आणि त्या रॉममधील बाइटांच्या बेरजेतील खालचे ८ बिट शून्य आले तरच तो रॉम चालवते. म्हणून जंपरने (कार्डावरील पिना जोडणाऱ्या छोट्या टोपणाने) निवडलेला रॉमचा पत्ता नेटवर्क कार्डाच्या रॉमच्या पत्त्यावर चढू देऊ नये. आयबीएमच्या मूळ पीसीमध्ये, म्हणजे ५१५० मध्ये, २७ ऑक्टोबर १९८२ पूर्वीचे बायोस असेल, तर ते असा रॉम शोधतच नाही. तेथे आधी बायोसची चिपच बदलावी, अन्यथा जंपर फिरवण्यात अख्खी संध्याकाळ वाया जाते. एटी (आयबीएमच्या नंतरच्या पीसी मॉडेलच्या) संगणकात कार्डाच्या रॉममधील बायोस डिस्क सांभाळत असल्यास सेटअपमध्ये हार्ड डिस्क नसल्याची नोंद करावी आणि डॉस या कार्यप्रणालीचे पार्टिशन (डिस्कचा भाग) बूट होण्यासाठी सक्रिय करावे.