बंद पडलेलं खेळणं घरी दुरुस्त कसं करावं

खेळण्यातली गाडी बंद पडली की "मोटर जळली" म्हणून लोक ती सरळ अडगळीत टाकतात. मोटर इतक्या सहज जळत नाही. बहुतेक वेळा बिघाड सेलच्या कप्प्यात असतो: गंजलेली स्प्रिंग किंवा तिच्यापासून सुटलेली तार.

सगळे सेल एकदम नवे घालून बघा. तरी ढिम्म हलत नसेल, तर स्प्रिंग आणि पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर आहे का ते पाहा. अल्कलाइन सेल गळला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, साधा कार्बन-झिंक असेल तर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा, कापसाच्या बोळ्याने लावा. हातमोजे घाला. पुसा, वाळवा, पॉलिश पेपरने घासा.

आता सेल काढून खेळणं उघडा आणि कोणती तार कुठे जाते त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. दोन सेल एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन टोकांच्या तारा थेट मोटरच्या दोन पायांना, म्हणजे तारा जोडलेल्या पत्र्यांना, टेकवा. मोटर फिरली तर ती ठीक आहे, तिच्या दुरुस्तीच्या फंदात पडू नका.

खरी कसोटी सुटलेली तार जोडताना लागते. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. तार नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायचा सल्ला ऐकू नका, दोन दिवसांत ती पुन्हा सुटते. फेविक्विक तर मुळीच नको, त्यातून वीज जात नाही. इथे सोल्डरिंगच हवं, म्हणजे सोल्डर नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून सांधा करणं, आणि त्यासाठी 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न, म्हणजे टोक तापणारं अवजार, पुरतं.

स्प्रिंग आधी खाचेतून बाहेर काढा. जागेवरच तापवलीत तर प्लॅस्टिक वितळतं आणि ती पुन्हा घट्ट बसत नाही. मग तार सोला. गळलेल्या सेलचा द्रव वेष्टणाच्या आतून वर चढतो, त्यामुळे तांबं काळं पडलेलं दिसेल. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, तेव्हा चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार छाटत जा. स्प्रिंगची जोडायची जागाही खरवडून उजळा. सोल्डर नीट धरावा म्हणून राळेची पेस्ट (फ्लक्स) लावा. पत्रेकामातली आम्लाची पेस्ट वापरू नका, ती पुढे सांधाच खाते.

तारेला आणि स्प्रिंगला आधी वेगवेगळी कल्हई करा, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवा. नंतर दोन्ही एकमेकांवर टेकवून आयर्न धातूवर धरा, सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून वरून थापू नका. धातू पुरेसा तापला की सोल्डर आपणहून पसरतो. आयर्न उचलल्यावर तार चिमट्यात स्थिर ठेवा. फुंकर मारू नका. सोल्डरचा गोळा वरवर बसला असेल तर सांधा कच्चा आहे, पुन्हा तापवा. थंड झाल्यावर चिमट्याने तार ओढून बघा. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं: खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा, शेवटी हात साबणाने धुवा.

रिमोटच्या गाडीतली लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती टोचू नका, चार्जही करू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

खेळणं चपट्या गोल सेलवर चालत असेल तर कप्प्याचा स्क्रू पक्का बसल्याशिवाय ते मुलाच्या हाती देऊ नका. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठा.