क्रूझला निघताय? बोटीवर चढण्याआधी आणि उतरण्याआधी या चुका टाळा

उतरायच्या आदल्या दुपारी आईचा पाय घसरला. सिंगापूरहून सुटलेली चार रात्रींची क्रूझ, स्विमिंग पूलच्या बाजूचा डेक, नुकतीच पुसलेली फळ्यांची जमीन, आणि 'ओलं आहे' सांगणारी पिवळी पाटी मात्र आतल्या दाराला टेकवून ठेवलेली. दहा मिनिटांत उजवं मनगट टम्म सुजलं. बोटीवरच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, पट्टा बांधला, आणि बिल परस्पर केबिनच्या खात्यावर चढलं. सगळे अगदी गोड बोलले. संध्याकाळी फळांची परडीही आली. पण कुठे, किती वाजता, काय घडलं हे लिहिलेला एक कागद कुणी हातात दिला नाही.

"जाऊ दे ना ताई, उद्या उतरायचंच आहे," बहीण म्हणाली. मी रिसेप्शनला गेले. नोंद आमच्याकडे आहे, प्रत देता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग केबिनमधल्या लेटरपॅडवर मीच दोन प्रती लिहून काढल्या: तारीख, वेळ, डेकचा क्रमांक, पाटी कुठे होती ते, आणि शेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या नाशिकच्या जोडप्याचा फोन नंबर. ओल्या जागेचा आणि पाटीचा फोटो होताच. एक प्रत त्यांना दिली, दुसरीवर पोच म्हणून सही-शिक्का मागितला. अर्धा तास उभी राहिले, पण मिळाला. घरी आल्यावर विमा कंपनीने सगळ्यात आधी मागितला तो हाच कागद.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी क्रूझला निघालं की मी त्यांच्या मागे लागते. आता तर मुंबईत बॅलार्ड पियरवरूनच गोवा, कोची, लक्षद्वीपला जाता येतं. आई-बाबांच्या पन्नाशीच्या लग्नवाढदिवसाला मुलं बोटीची तिकिटं काढतात. कपड्यांच्या चार याद्या होतात, पण तिकिटासोबत आलेली पीडीएफ कुणी उघडत नाही.

तिकिटाबरोबरचा करार न वाचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. क्रूझचं तिकीट म्हणजे तुमच्या आणि जहाज कंपनीच्या मधला करार असतो. पैसे भरले की तो तुम्ही मान्य केला असं धरलं जातं. अमेरिकेतला शूट दांपत्याचा खटला या बाबतीत कायम सांगितला जातो. वॉशिंग्टन राज्यात राहणारं हे जोडपं कार्निव्हल कंपनीच्या बोटीवर गेलं. मेक्सिकोच्या किनाऱ्यापुढे भर समुद्रात, बोटीचं स्वयंपाकघर बघताना बाई पायपुसण्यावरून घसरून पडल्या. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. तिकिटावर मात्र छापलेलं होतं की दावा फ्लोरिडातच चालेल, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१ मध्ये निकाल लागला तो तिकिटावरच्या छापील ओळीच्या बाजूने.

म्हणून करारात तीन गोष्टी शोधा: दावा कुठल्या शहरात करायचा, किती मुदतीत करायचा, आणि मार्ग बदलला तर काय परत मिळणार. मुदतीकडे विशेष लक्ष द्या. अमेरिकेच्या बंदरांशी जोडलेल्या क्रूझच्या तिकिटात बहुधा असं लिहिलेलं असतं की इजा झाल्याचं सहा महिन्यांत लेखी कळवा आणि एका वर्षात दावा लावा. तिथला कायदा कंपन्यांना मुदत इतकी आखडू देतो. युरोपातल्या बंदरांतून निघालात तर अथेन्स करार, म्हणजे जहाजावरच्या प्रवाशांच्या भरपाईबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो. त्यात मुदत दोन वर्षांची आहे. जहाज बुडालं, आदळलं किंवा त्याला आग लागली, तर कंपनीची चूक सिद्ध न करताही प्रवाशामागे ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई द्यावी लागते. डेकवर घसरून पडण्यासारख्या प्रकारात मात्र कंपनीचा निष्काळजीपणा प्रवाशालाच दाखवून द्यावा लागतो. पिवळ्या पाटीचा फोटो त्यासाठीच लागतो.

मार्ग बदलण्याचा अधिकार जवळजवळ प्रत्येक करारात कॅप्टनला दिलेला असतो, आणि सुरक्षिततेसाठी तो असायलाच हवा. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. ती बाहेर उभी राहते आणि छोट्या होड्यांतून माणसं बेटावर नेतात. समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण न लागलेल्या बंदराचे कर आणि तुम्ही बोटीकडूनच घेतलेल्या तिथल्या सहलीचे पैसे परत मागा. इंजिन बिघडलं तर गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फ ही बोट आग लागून मेक्सिकोच्या आखातात अडकली आणि हजारो प्रवाशांचे अनेक दिवस हाल झाले. त्यानंतर क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे, मध्येच आटोपावी लागली तर काही भाग परत, शिवाय घरी पोचवण्याची सोय. आपली कंपनी या संघटनेची सदस्य आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा

सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरला आलात, म्हणजे त्या देशात दुसऱ्यांदा शिरलात. बार्सिलोनाहून निघालेली बोट मधे तुर्कस्तानला थांबली, तर परतताना शेंगेनमध्येही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटातही, तुमचा दुसरा प्रवेश. एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसाच लागतो. अलास्कात तर आपली माणसं हमखास फसतात. सिएटलहून सुटणारी बोट अलास्का करून येते, दोन्ही जागा अमेरिकेच्याच, म्हणून अमेरिकेचा व्हिसा पुरेल असं वाटतं. पण १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला मधे परक्या देशाच्या बंदराला लागावंच लागतं. त्यामुळे बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच अडवतात. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची असं करारात लिहिलेलं असतं, त्यामुळे पैसेही जातात. एजंट "लागत नाही हो" म्हणाला, तर ते ईमेलवर लिहून मागा.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी असावी.

विमान त्याच दिवशी, बोटही त्याच दिवशी

एक रात्र आधी पोचा. हॉटेलचा खर्च वाचवायला गेलेल्यांची बोट मी सुटलेली पाहिली आहे. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, आणि पुढचं बंदर गाठायचं तर तिकीट तुमच्या खर्चाने. मधल्या बंदरात स्वतःची टॅक्सी करून फिरत असाल तर घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा. ती वेळ आणि गावातली वेळ यांत कधी कधी तासाचा फरक असतो. बोटीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर तुम्हाला बोटीपर्यंत पोचवायची जबाबदारी त्यांची. स्वतः फिरायला गेलात तर तुमची.

सुरक्षा कवायत चुकवणं

इथे मला हात जोडून सांगावंसं वाटतं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली तेव्हा चिवितावेक्किया बंदरातून चढलेल्या प्रवाशांची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव, झालेलीच नव्हती. बोट निघून तीन तासही झाले नव्हते. ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घेणं सक्तीचं झालं. कोकणातल्या घरांत तर १७ जुलै १९४७ ला बुडालेल्या रामदास बोटीची आठवण अजून निघते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा. आपली जमायची जागा चालत जाऊन बघा, आणि आजी-आजोबांना लिफ्टशिवाय तिथे कसं न्यायचं हेही ठरवून ठेवा.

विमा, औषधं, दागिने

बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो. साधा परदेश प्रवासाचा विमा घेताना त्यात क्रूझ येते का, आणि समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च मिळतो का, हे दोन प्रश्न विचारा. आधीचा मधुमेह, रक्तदाब लपवू नका. रोजची औषधं आणि बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असू द्या, कारण मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते.

दागिने शक्यतो घरीच ठेवा. अथेन्स करारात केबिनमधल्या सामानाला भरपाईची मर्यादा आहे, आणि पैसे-दागिने तर कंपनीकडे सुरक्षित ठेवायला म्हणून दिले असतील तरच त्यात धरतात. नेलेच तर रिसेप्शनला जमा करून पावती घ्या. बॅग फुटलेली दिसली तर ताब्यात घेतानाच लेखी कळवा. नुकसान वरून दिसत नसेल किंवा सामान हरवलं असेल तर १५ दिवसांच्या आत.

"परदेशी कंपनी, आपण काय करणार?"

परदेशी जहाज कंपनीशी भांडायला करारातल्या शहरात जावं लागेल, हे खरं. पण तुमचे पैसे इथे भारतात कुणी घेतले? टूर कंपनीने ज्या गोष्टींचं आश्वासन दिलं, त्यांबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. तुम्ही मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. वाद लवादाकडेच न्यावा अशी अट करारात असली तरी आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तरीही नाही जमलं तर आयोग. माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बोटीवर रोज मिळणारा कार्यक्रमाचा कागद, सगळं जपून ठेवा. शेवटच्या रात्री केबिनच्या खात्याचा छापील हिशेब मागून ओळ न् ओळ तपासा. न घेतलेली पेयं, दोनदा लावलेलं सेवाशुल्क तिथल्या तिथे दहा मिनिटांत निघतं. घरी आल्यावर त्यालाच महिने लागतात.

आईचा विम्याचा दावा एक्स-रेच्या बिलासकट मंजूर झाला. जहाज कंपनीशी पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि तिकिटातली मुदत कधी संपते ते मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.